संशोधनपद्धतींची निवड
संशोधनपद्धतींची निवड : एखाद्या प्रश्नाच्या उत्तरासाठी कोणता पुरावा लागेल, तो कसा गोळा करावयाचा व कसा पारखावयाचा, हे ठरविण्याची प्रक्रिया. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पीएच्.डी.च्या विद्यार्थ्यांना संशोधनपद्धतीचा पाठ्यक्रम सक्तीचा केला. तथापि प्रश्नावली, मुलाखत, निरीक्षण, सांख्यिकी इ. तंत्रांची माहिती झाली, तरी निवडीचे कौशल्य प्रत्यक्ष प्रश्न हाताळल्यावाचून येत नाही. प्रश्न आधी व पद्धत नंतर, हा क्रम उलटल्यास हाताशी असलेल्या तंत्राला पेलेल तेवढाच प्रश्न विचारला जातो.

महाड व पोलादपूर (रायगड जिल्हा) या तालुक्यांतील दरडींच्या अभ्यासात हे स्पष्ट होते. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत दासगाव, जुई इ. गावांत दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे ऐंशीहून अधिक माणसे दगावली. ‘दरड का कोसळली?’ या प्रश्नासाठी उताराचा कोन, बेसाल्ट खडकावरील झिजलेल्या थराची जाडी, पाण्याचा निचरा व पर्जन्यमान यांचे मोजमाप आवश्यक असते. त्याच पावसात टिकून राहिलेले उतारही तुलनेस घ्यावे लागतात. अन्यथा सर्वत्र आढळणारे लक्षणच कारण समजले जाते. ‘धोका असूनही वस्ती तेथेच का राहिली?’ हा प्रश्न मात्र जमिनीची मालकी, उपजीविका व नातेसंबंध यांच्याशी निगडित असल्याने त्यासाठी मुलाखती व सहवास यांचा अवलंब करावा लागतो. वाचलेल्यांच्या आठवणींत घटनेनंतर कळलेल्या गोष्टी मिसळतात. म्हणून त्या समकालीन नोंदींशी ताडून पाहाव्या लागतात.

भूतकाळाविषयीच्या विधानांना कालनिश्चिती करणारा पुरावा हवा. महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९२७ मध्ये सत्याग्रह झाला. त्यानंतरच्या दाव्यात, अस्पृश्यांना पाणी न घेऊ देण्याची रूढी अतिप्राचीन आहे, असे वादींचे म्हणणे होते. ते सिद्ध झाले नाही, असे ठरवून मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी त्यांचे अपील फेटाळले. साक्षीदाराची प्रत्यक्ष स्मृती त्याच्या हयातीपलीकडे जात नाही. ‘पूर्वापार’ हा शब्द म्हणजे पुरावा नव्हे, ही कसोटी इतिहाससंशोधनासही लागू पडते.

अनेकदा दोन पद्धतींचा मेळ घालावा लागतो. त्यांचे निष्कर्ष जुळले नाहीत, तर एक सोयीस्करपणे न वगळता विसंगतीचे कारण शोधावे लागते. एखाद्या वाडीचे पुनर्वसन अशा निष्कर्षांवर अवलंबून असते, तेव्हा पद्धतीतील दोष प्रबंधापुरता मर्यादित राहत नाही.