विश्लेषण : स्कूटरची मोठी काच जोराच्या वाऱ्यात हँडल का हिसकावते?

पावसाळा तोंडावर आला की ॲक्सेसरीजच्या दुकानांबाहेर स्कूटरच्या मोठ्या पारदर्शक काचा टांगलेल्या दिसू लागतात. छाती भिजत नाही, तोंडावर पावसाचे सपकारे बसत नाहीत, म्हणून डिलिव्हरी करणाऱ्यांपासून रोज ऑफिस गाठणाऱ्यांपर्यंत अनेक जण ही विंडशील्ड बसवून घेतात. पण त्याच दिवसांत मोबाइलवर हवामान विभागाचा 'ताशी ४० ते ५० किमी वेगाने वारे' असा इशाराही येत असतो. अशा वाऱ्यात खाडीपुलावर किंवा घाटातल्या वळणावर काच लावलेली स्कूटर अचानक एका बाजूला ओढली जाते. असे का होते?

काच वाऱ्याचे नेमके काय करते?

ती वारा अडवते, संपवत नाही. काच नसताना छातीवर आदळणाऱ्या वाऱ्याचा बराचसा जोर तुमच्या शरीरातून सीटवर जातो. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच मोठ्या काचा मात्र आरशांच्या दांड्यांना किंवा हँडललाच क्लॅम्पने बसवलेल्या असतात. त्यामुळे छातीवर येणारा जोर आता थेट हँडलवर येतो. म्हणजे ज्या भागाने गाडी वळते, त्याच भागावर आपण शीड बांधलेले असते.

हा जोर किती असतो?

काच ६० सेंमी रुंद आणि ५० सेंमी उंच आहे असे धरू. वारा अजिबात नाही आणि स्कूटर ताशी ६० किमी वेगाने जात आहे, तर काचेवर साधारण साडेपाच किलो वजनाइतका दाब येतो. आता समोरून ताशी ४० किमीचा वारा आला, तर काचेच्या दृष्टीने हवेचा वेग १०० किमी होतो. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे साडेपाच किलोंचे १५ किलोंच्या आसपास होतात. वेग पावणेदोन पटही झाला नाही, पण जोर पावणेतीन पट झाला. (हे ढोबळ गणित आहे. काच मागे कललेली आणि गोलाकार असेल तर आकडा खाली येतो.) हा दाब उंचावर लागत असल्याने पुढच्या चाकावरचा भारही थोडा हलका होतो.

समोरचा वारा झेपतो, मग बाजूचा का नाही?

समोरचा वारा काचेच्या डाव्या-उजव्या भागावर सारखाच दाबतो, म्हणून हँडल सरळ राहते. बाजूच्या वाऱ्यात हा तोल बिघडतो. तुम्ही ताशी ४० किमीने जात आहात आणि डावीकडून तेवढाच वारा आहे, तर काचेला तो समोर-डावीकडून, ४५ अंशांत आणि सुमारे ५७ किमी वेगाने लागतो. एका कडेवर दाब जास्त, दुसऱ्या कडेवर कमी. या फरकामुळे हँडलला पीळ बसतो. तो कोणत्या बाजूला बसेल, हे काचेचा आकार आणि ती कुठे बसवली आहे यावर ठरते. म्हणूनच एकाची स्कूटर वाऱ्याच्या दिशेने जाते, तर दुसऱ्याची विरुद्ध दिशेने. वारा एकसारखा असेल तर हात लगेच जुळवून घेतात. त्रास होतो तो झोतांचा, कारण प्रत्येक झोताला हा पीळ नव्याने बसतो.

त्यात स्कूटरची चाके १० किंवा १२ इंचांची. मोटरसायकलच्या १७-१८ इंची चाकांइतका सरळ राहण्याचा गुण त्यांच्यात नसतो. इंजिन मागे, त्यामुळे पुढचे टोक हलके. या हलक्या टोकावरच आपण काच लावतो. प्रस्तुत लेखकानेही दोन पावसाळे अशीच काच लावून वाशीचा खाडीपूल ओलांडला. कपडे कोरडे राहिले, पण पलीकडे पोहोचेपर्यंत दोन्ही मनगटे आखडलेली असत.

झोत येतो त्यापेक्षा तो थांबणे जास्त धोक्याचे का?

डावीकडून जोराचा वारा असला की आपण नकळत डावीकडे झुकून गाडी चालवतो. तेवढ्यात डाव्या लेनमधल्या ट्रकच्या आडोशाला आलो की वारा एकदम बंद होतो आणि स्कूटर ट्रकच्याच दिशेला जाते. ट्रक मागे पडताच झोत पुन्हा आदळतो. पुलाचे तोंड, दोन उंच इमारतींमधली फट, घाटात डोंगराची भिंत संपते ती जागा, इथेही असेच होते.

मग काच काढून टाकायची का?

वाऱ्याचा इशारा असेल आणि वाटेत उघडा पूल असेल, तर हो. दोन-चार नटांचे काम असते. नाही तर काचेची उंची कमी असलेली बरी. वरची कड नाकाच्या खाली हवी, म्हणजे काचेतून नव्हे तर काचेवरून रस्ता दिसतो. या काचेला वायपर नसतो, आणि चरे पडलेल्या ओल्या काचेत समोरच्या गाडीचा दिवा पसरून रात्री काहीच दिसत नाही. काही मॅक्सी स्कूटरप्रमाणे काच हँडलला नव्हे तर पुढच्या बॉडीला बसवलेली असेल, तर पीळ हँडलवर येत नाही. बाजूचा धक्का मात्र बसतोच.

चालवताना वेग कमी करणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. ताशी ४० किमीचा बाजूचा वारा असताना वेग ६० वरून ३० वर आणला, तर बाजूचा धक्का जवळपास एक तृतीयांशाने घटतो. अगदी रांगत चालवू नका, कारण फार कमी वेगात दुचाकीला स्वतःचा तोल राहत नाही. हँडल घट्ट आवळून धरायचा मोह होतो, तो टाळा. ताठ हातांमुळे शरीराला बसलेला धक्काही हँडलवर जातो. लेनच्या मध्यभागी राहा आणि वारा ज्या बाजूला ढकलतो, तिकडे जागा मोकळी ठेवा.

पार्किंगमध्येही ही काच स्कूटर पाडू शकते. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कललेली असते. वारा डावीकडून आला तर तो तिला उभी करून पलीकडे ढकलतो. त्यामुळे वारा उजवीकडून लागेल अशी गाडी लावा, म्हणजे तो तिला स्टँडवरच दाबून ठेवतो.