गावठी कोंबडी कमी अंडी का घालते?

कल्याण-मुरबाड परिसरातील खेड्यांत परसात गावठी कोंबड्या पाळण्याची पद्धत जुनी आहे. त्यांच्या अंड्यांना शहरात चढा भाव मिळतो आणि बहुतेक ग्राहक तपकिरी कवच पाहून ती ओळखू पाहतात. ही खूण मात्र फसवी आहे. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीनुसार ठरतो. ऱ्होड आयलंड रेड ही मूळची अमेरिकी कोंबडीही तपकिरी अंडी घालते. निव्वळ रंगामुळे पोषणमूल्यात फरक पडत नाही.

खरा फरक आहे तो स्वभावात. व्हाइट लेगहॉर्न वंशाची व्यावसायिक कोंबडी वर्षाला सुमारे ३०० अंडी देते, तर गावठी साधारण ५० ते ८०. काही अंडी घातली की गावठी कोंबडी खुडूक होते. तिच्या शरीरात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढते आणि अंडी घालणे थांबते. मग २१ दिवस ती अंडी उबवते, पुढे काही आठवडे पिले सांभाळते. लेगहॉर्नमधून पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने हा गुण जवळजवळ नाहीसा करण्यात आला.

झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिचे मांस काळे, अंडी मात्र फिकट बदामी. पण उबवण्यात तीही कच्चीच. हैदराबादेत विकसित झालेली वनराजा परसात वर्षाला शंभरच्या आसपास अंडी देते. परंतु ती संकरित असल्याने दरवेळी पिले विकत आणावी लागतात.

उबवणी यंत्र नसलेल्या घरात गावठी कोंबडीचे खुडूक होणे हाच पुढच्या पिढीचा आधार असतो. अंड्यांच्या हव्यासापोटी हा गुण गमावला, तर परसातील कुक्कुटपालन पिलांसाठी कायमचे परावलंबी होईल.