भाडं थकलेल्या घरातला हशा

'गुड टाइम्स' ही अमेरिकन विनोदी मालिका संपून साडेचार दशकं उलटली, तरी तिच्या चाहत्यांमधला एक वाद अजून धगधगतोच आहे. एवढी चांगली मालिका बिघडली कुठे? बहुतेकांचं बोट थोरल्या मुलाकडे, जे.जे.कडे जातं. जिमी वॉकरने उभा केलेला हा किडकिडीत, बडबड्या पोरगा 'डायनोमाइट!' म्हणाला की स्टुडिओतले प्रेक्षक हसून लोटपोट व्हायचे, आणि पुढे पुढे त्या एका पालुपदासाठीच प्रसंग रचले जाऊ लागले. तक्रार खरी आहे. पण माझ्या मते जे.जे.ने मालिकेला फार तर ओरखडे पाडले; तिचा कणा मोडला तो बापाला मारल्यामुळे.

८ फेब्रुवारी १९७४ रोजी सीबीएस वाहिनीवर सुरू झालेल्या या मालिकेत शिकागोच्या सरकारी वसाहतीतलं इव्हान्स कुटुंब आहे: जेम्स, फ्लोरिडा आणि तीन मुलं. माइक इव्हान्स आणि एरिक मॉन्टे यांनी ती रचली, निर्मिती नॉर्मन लियर यांची. शीर्षकदृश्यात दिसणाऱ्या काब्रिनी-ग्रीनच्या इमारतींमध्ये मॉन्टे स्वतः लहानाचे मोठे झाले होते, त्यामुळे तिथली ओढाताण त्यांना कुणाकडून ऐकावी लागली नव्हती. फ्लोरिडा साकारणाऱ्या एस्थर रोल यांनी एक अट घातली होती: या घरात नवरा हवा. कृष्णवर्णीय कुटुंब म्हणजे बाप परागंदा, हे ठरीव चित्र त्यांना पुन्हा रंगवायचं नव्हतं. त्या अटीमुळे जॉन अमोस यांचा जेम्स आला आणि मालिकेला तिचा विषय सापडला. जेमतेम सहावी शिकलेला, मिळेल ते काम करणारा, हातावर पोट असलेला माणूस. सुरुवातीच्याच एका भागात त्याला युनियनच्या चांगल्या पगाराच्या कामासाठी प्रशिक्षण मिळेल अशी आशा लागते. घरात आनंदीआनंद होतो, आणि मग कळतं की वयाची मर्यादा त्याने कधीच ओलांडली आहे. दुसऱ्या एका भागात भाडं थकतं, घराबाहेर काढायची वेळ येते आणि जेम्स पैशांसाठी पूल खेळायला जातो. हसू येतं ते या धडपडीतूनच. बाप कामावरून आला की त्याच्या चेहऱ्यावरून मुलांना आजचा दिवस कळतो. धाकटा मायकेल बुद्ध्यांकाची चाचणी काळ्या मुलांवर अन्याय करते म्हणून ती द्यायचं नाकारतो, तेव्हाही त्या बंडाला वजन येतं ते समोर शिक्षणाअभावी अडलेला बाप उभा असल्यामुळे.

अमोस आणि रोल दोघांनाही जे.जे.चा वाढता पसारा खुपत होता. १९७५ साली रोल यांनी 'एबनी' मासिकात ती नाराजी उघड बोलून दाखवली. अमोस यांचं म्हणणं असं, की एका मुलीला सर्जन आणि एका मुलाला सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश व्हायचंय, आणि लेखकांना रस आहे तो तिसऱ्याच्या डोक्यावर कोंबडीची टोपी चढवण्यात. लेखकांशी खटके उडत गेले आणि तिसऱ्या सीझननंतर अमोस यांचा करार वाढवला गेला नाही. १९७६ च्या सप्टेंबरात, कुटुंब मिसिसिपीला हलायच्या तयारीत असताना जेम्स अपघातात गेल्याची तार आली.

बापाच्या मृत्यूने मालिका मोडली, या मतावर दोन आक्षेप हमखास घेतले जातात. पहिला, मालिका चालली जे.जे.मुळे. १९७४-७५ मध्ये ती पहिल्या दहात होती आणि त्यात वॉकरचा मोठा वाटा होता, हे मान्य. पण जेम्स गेल्यावर जे.जे. होता, पालुपदही होतं, तरी पहिल्या दहातली जागा काही परत मिळाली नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कर्त्याचा मृत्यू गरीब घरांत घडतोच, आणि त्याने मालिकेला तिचा सर्वांत मोठा क्षण दिला. सांत्वनाला आलेले पाहुणे गेल्यावर इतका वेळ अश्रू आवरून धरलेली फ्लोरिडा सरबताचं काचेचं भांडं जमिनीवर आपटते, तो क्षण खरोखर असामान्य आहे. पण प्रश्न त्या क्षणानंतरचा आहे. विधवेने भाडं कसं भरलं, ही पुढची गोष्ट व्हायला हवी होती. त्याऐवजी फ्लोरिडाचं दुसरं लग्न झालं आणि १९७७ साली रोल स्वतःच वर्षभरासाठी मालिकेतून बाहेर पडल्या. त्या काळात मारहाण सोसणाऱ्या पेनी नावाच्या मुलीची कथा आली. छोट्या जॅनेट जॅक्सनने ती फार ताकदीने केली, पण तिचं दुःख वेगळं होतं. भाड्याची चिंता एव्हाना मागे पडली होती.

१ ऑगस्ट १९७९ चा शेवटचा भाग याचा धडधडीत पुरावा आहे. जे.जे.ची चित्रकथा विकली जाते, फुटबॉल खेळणाऱ्या जावयाचा दुखावलेला गुडघा बरा होऊन त्याला करार मिळतो, शेजारीण विलोनाला बढती मिळते. सगळे एका झटक्यात वसाहतीबाहेर! ज्या मालिकेने सुरुवातीला कष्टाळू माणसासमोर दार कसं बंद होतं ते दाखवलं, तिने शेवटी सगळी दारं नशिबाने उघडली. ज्यांना 'गुड टाइम्स' पाहायची आहे त्यांनी पहिले तीन सीझन सलग पाहावेत, मग ते भांडं फुटतं तो भाग पाहावा आणि तिथे थांबावं.