महाडचा पूर घाटमाथ्यावर मोजा

महाड बुडते ते केवळ महाडात पडलेल्या पावसाने नव्हे. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि पोलादपूरमार्गे उतरताना ओढ्यानाल्यांचे पाणी घेत काही तासांत शहर गाठते. गांधारी आणि काळ या नद्याही महाडच्या आसपास तिला मिळतात. त्यात खाडीला भरती असली की पाण्याचा निचरा अडतो. जुलै 2021 च्या अतिवृष्टीत महाबळेश्वरला 24 तासांत सुमारे 594 मिलिमीटर पाऊस झाला; एका चौरस किलोमीटरवर एवढा पाऊस म्हणजे जवळजवळ 59 कोटी लिटर पाणी. पण हा आकडा एकाच ठिकाणचा, आणि डोंगरातला पाऊस एका ठिकाणावरून कळत नाही. पाचगणी तिथून वीस किलोमीटरच्या आत, तरी तिथला वार्षिक पाऊस महाबळेश्वरच्या निम्म्याहूनही कमी. मुंबईत 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर नोंद झाली, कुलाब्याला मात्र जेमतेम 74.

म्हणूनच पर्जन्यमापकांच्या जागा नदीचे पाणलोट क्षेत्र पाहून ठरवायला हव्यात. 'महावेध' प्रकल्पातून राज्यात महसूल मंडळनिहाय हवामान केंद्रे उभी राहिली आणि पीकविम्यासाठी ती मोलाचीच आहेत. पण सावित्रीचा उगम साताऱ्यात, पूर रायगडात. पाणी जिल्ह्याची हद्द मानत नाही. भारतीय मानकानुसार जास्त पावसाच्या डोंगराळ भागात दर 130 चौरस किलोमीटरला एक मापक हवा. तो माथ्यावर, उतारावर आणि प्रत्येक मोठ्या उपनदीच्या खोऱ्यात असावा. सकाळी साडेआठला एकदा घेतलेली नोंद पुरासाठी उशिराची ठरते. स्वयंचलित मापकात छोटी दुहेरी पन्हळ असते. ठरावीक पाणी साचले की ती कलंडते, प्रत्येक कलंडण्याची नोंद होते आणि दर पंधरा मिनिटांचा पाऊस दूरवर कळवता येतो.

रडार असताना हे कशाला, असे विचारले जाते. रडार ढगांतल्या थेंबांवरून पावसाचा अंदाज बांधते, डोंगर त्याच्या लहरी अडवतात आणि तो अंदाज पडताळायला जमिनीवरचे मापकच लागतात. नदीची पातळी मोजणे आवश्यकच, पण ती वाढते तेव्हा हाताशी वेळ थोडा उरतो. देखभालीचा आक्षेप मात्र खरा आहे. पालापाचोळ्याने नरसाळे तुंबले की मापक धो धो पावसातही शून्य दाखवतो, आणि नियंत्रण कक्षात बसलेल्याला ते शून्य खरे वाटू शकते. त्यामुळे प्रत्येक मापकामागे गावातला प्रशिक्षित, मानधन मिळणारा माणूस हवा. यंत्रखरेदीच्या निविदेतच त्याच्या मानधनाची तरतूद झाली पाहिजे.