छपरातली ढोली

रात्री घर निजल्यावर माळ्यावर धप्पकन काहीतरी पडतं आणि मग या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कुणी चालत गेल्यासारखी पावलं वाजतात. उंदीर खुडबुडतो, त्याची पावलं वाजत नाहीत. पावलं वाजली की संशय घ्यावा तो उदमांजराचा. कोल्हापुरातल्या पेठांमधली जुनी कौलारू घरं असोत की उपनगरातल्या बंगल्यांच्या गच्चीवर पावसासाठी टाकलेले पत्रे, त्याला दोन्ही सारखेच. कोकणात त्याला कांडेचोर म्हणतात. मसणाशी नातं जोडून त्याच्याविषयी नाही नाही ते बोललंही जातं. प्रत्यक्षात ते तीन-चार किलोचं, मुख्यतः फळांवर जगणारं आणि जोडीला उंदीर-किडे खाणारं निशाचर आहे. नावात मांजर असलं तरी मांजराच्या कुळातलं नाही. दिवसा झोपायला त्याला उंच, कोरडी, अंधारी पोकळी लागते. रानात ती जुन्या झाडाच्या ढोलीत मिळते. घर बांधताना आपण तीच छपरात तयार करून ठेवतो आणि वर परसात पपई-चिकू लावतो. तेव्हा जनावराच्या मागे धावण्यापेक्षा त्याच्या वाटेकडे, म्हणजे भोकाकडे, लक्ष देणं शहाणपणाचं.

पूर्वी हे काम नकळत होत असे. नळीची कौलं होती तोवर मृगाआधी घर शाकारलं जाई. कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, वासे-रिपा झाडायच्या, पुन्हा सगळं बसवायचं. वर्षातून एकदा अख्खं छप्पर माणसाच्या हाताखालून जात असे. बासेल मिशनने 1865 साली मंगळुरात कारखाना काढला आणि खाचेत खाच बसणारं मंगलोरी कौल आलं. वानरांनी नाचवलं नाही तर ते वर्षानुवर्षं हलत नाही. पुढे पत्रे आले. छप्पर टिकाऊ झालं तसं वर चढून बघायचं कारणही उरलं नाही. पन्हळी पत्रा भिंतीवर टेकतो तिथे प्रत्येक लाटेखाली अर्धचंद्रासारखी फट राहते. अंगठा जाईल एवढ्या फटीतून लहान वटवाघूळ सहज आत शिरतं. भिंत आणि पत्रा यांच्या कोपऱ्यात गवंड्याने ‘नंतर बुजवू’ म्हणून सोडलेलं भोक उदमांजराच्या कामी येतं.

यावर हमखास येणारी सूचना म्हणजे, ‘पकडा आणि राधानगरीच्या जंगलात नेऊन सोडा.’ एक तर 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे परवानगीशिवाय पिंजरा लावणं हा गुन्हा ठरू शकतो. मदतीसाठी वन विभागाचा 1926 हा क्रमांक आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी हा उपाय टिकत नाही. जुन्नर परिसरात बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा जो सपाटा लावला गेला, त्याचा अभ्यास विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी 2011 साली प्रसिद्ध केला. माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वर्षाला सरासरी 4 वरून 17 वर गेले होते. उदमांजर म्हणजे बिबट्या नव्हे, हा आक्षेप रास्तच. पण अनोळखी मुलखात टाकलेलं जनावर तिथे गुमान राहील ही आपली समजूत दोन्हीकडे तीच आहे. शिवाय भोक उघडंच राहिलेलं असतं आणि आत गंधाच्या खुणा असतात, त्यामुळे जागा फार दिवस रिकामी राहत नाही. (माळ्यावर उदमांजर असलं की भात शिजल्यासारखा दरवळ येतो असं बऱ्याच ठिकाणी सांगतात, आणि ती थाप नसावी. त्याचा ईशान्येकडचा भाऊबंद बिंटुरोंग याच्या मूत्रात 2-असिटाइल-1-पायरोलिन सापडलं आहे. आजरा घनसाळसारख्या सुवासिक तांदळाचा वासही मुख्यतः याच रसायनाचा.) जपानमध्ये उदमांजराचाच एक नातलग, हाकुबिशिन, शहरांतल्या घरांच्या माळ्यांवर ठाण मांडतो. तिथेही पकडण्याला जोड द्यावी लागते ती फटी बुजवण्याची.

दुसरी फळी धूर आणि डांबरगोळ्यांची. डांबरगोळ्यांची वाफ माळ्यावरून खाली, माणसांच्याच नाकात उतरते. लहान मुलांना ती घातक ठरू शकते. धूर केला तर आई पळते आणि पिलं आत मरतात, मग आठवडाभर त्याचा वास घरभर. कानाला न ऐकू येणारा आवाज सोडणाऱ्या यंत्रांना प्राणी लवकरच सरावतात. वटवाघळांच्या बाबतीत तर भीतीच जास्त. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च 2020 मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले, त्यांत निपाह विषाणूच्या खुणा सापडल्या, आणि तेव्हापासून छपरातली पाकोळी दिसली तरी जाळायला निघणारे आहेत. खरं तर आजाराची भीती असेल तर त्यांना हात न लावणं आणि बिथरवून घरभर न उडवणं हेच पहिलं पथ्य. उलट बाजूने कुणी म्हणेल, उदमांजरं उंदीर आणि वटवाघळं डास खातात तर राहू देत की! परसात, झाडावर जरूर राहू देत. पण माळ्यावर साचणारी विष्ठा आणि कुजणारं लाकूड ही किंमत घरमालकाने का मोजावी, याला उत्तर नाही.

मग बंद कसं करायचं? वेळ कॅलेंडरवरून ठरवता येत नाही, कारण उदमांजराला पिलं वर्षात केव्हाही होऊ शकतात. माळ्यावर रात्री रांगोळीचा पातळ थर पसरला की सकाळी ठशांवरून कोण आहे आणि कुठून येतं ते दिसतं. घराला टेकलेल्या फांद्या तोडायच्या. बाकीच्या फटी अर्ध्या इंची लोखंडी जाळीने आणि सिमेंटने बंद करायच्या, प्लास्टिकची जाळी उंदीर एका रात्रीत फाडतात. वहिवाटीचं एकच भोक ठेवायचं. वटवाघळं असतील तर त्यावर वरून घट्ट आणि खालून मोकळी अशी मऊ जाळी सोडायची; बाहेर पडताना ती सरपटत खाली उतरून निसटतात, परतताना मात्र थेट भोकाकडे झेपावतात आणि जाळीवर अडतात. उडता न येणारी पिलं आत असतील तोवर मात्र ही जाळी लावायची नाही. उदमांजरासाठी त्याहून सोपी युक्ती आहे. भोकात वर्तमानपत्राचा बोळा सैल कोंबायचा. आत कुणी असेल, पिलं असलेली आई असेल तरी, भुकेपोटी ते बाहेर पडणारच आणि बोळा खाली पडलेला सापडणार. लागोपाठ तीन रात्री तो जागचा हलला नाही, तर चौथ्या दिवशी जाळी ठोकायला हरकत नाही. फक्त हे आषाढाच्या झडीत करू नये, कारण मुसळधार पावसात उदमांजरही उपाशी आतच पडून राहू शकतं.