फाल्गुनातील निरोप

होळीच्या सुमारास गेटवेहून मांडव्याच्या बोटीत बसलात, तर मागे येणाऱ्या कुरव पक्ष्यांकडे नीट पाहावे. थंडीत त्यांचे डोके पांढरे असते, कानामागे केवळ एक काळसर ठिपका. आता मात्र त्यावर तपकिरी टोपी चढू लागलेली दिसते. हा त्यांचा विणीचा वेष. लडाख-तिबेटातील सरोवरांकडे परतण्याची वेळ जवळ आलेली असते.

पुढे आक्षीच्या पुळणीवर ओहोटीला लहानगे चिखल्या पक्षी धावताना दिसतात. त्यांच्याही छातीवर तांबूस पट्टा उमटत असतो. मुरूडजवळचे फणसाड, एकेकाळचे जंजिरा संस्थानचे शिकारीचे रान, १९८६ पासून अभयारण्य आहे. तेथे तांबटाची टुकटुक दिवसभर थांबत नाही.

प्रवासापूर्वी या पाहुण्यांना अंगात चरबी साठवावी लागते. आमच्या बँकेच्या भाषेत ही त्यांची शिल्लक. छायाचित्रासाठी बसलेला थवा उठविला, की त्या शिल्लकेतून विनाकारण उचल होते.

मी स्वतः कित्येक वर्षे बोटीतून गाठिया उधळले, तेही जीवदया समजून. गेल्या खेपेस नातीने विचारले, "आजोबा, डॉक्टरांनी तुम्हाला गाठिया बंद केले ना? मग यांना का देता?" तळलेले, खारट बेसन हा पाखरांचा आहार नव्हे, हे मला कळायला हवे होते.

यंदा पुडा नेला नाही. कुरव काही वेळ बोटीमागे आले, आणि मग एकेक करून पाण्यावर उतरले.