मुंबईकराची चिनी भांडी

लेकीकडे लंडनला गेले होते, तेव्हा ब्रिटिश म्युझियमच्या ९५ नंबरच्या दालनात तीन तास काढले. पाय भरून आले, पण निघवेना. (मी स्वतः कुंभारकाम करते, म्हणून हे वेड.)

दालन २००९ साली उघडलं. सुमारे १,७०० चिनी भांडी, सर पर्सिव्हल डेव्हिड यांच्या संग्रहातली. आणि हे गृहस्थ जन्मले कुठे? आपल्या मुंबईत, १८९२ साली!

सगळ्यात जास्त रेंगाळले ती निळ्या-पांढऱ्या फुलदाण्यांच्या जोडीपाशी. उंची साधारण दोन फूट, दोन्ही बाजूंना हत्तीच्या डोक्याचे कान. त्यांत अडकवलेल्या कड्या कधीच गेल्या. मानेवर देवळाला अर्पण केल्याचा लेख आहे, तारखेसकट: इ. स. १३५१. त्या तारखेमुळेच युआन काळातली निळी-पांढरी भांडी ओळखणं सोपं झालं.

निळा रंग कोबाल्टचा. आधी चित्र, वर झिलई, मग भट्टी. कोरडी माती रंग टिपकागदासारखा पिते, खोडायची सोय नाही. माझ्या वेली अजून थरथरतात!

झिलई, भट्टी, काहीही विचारा. आजीच्या लोणच्याच्या बरणीचा फोटो टाकलात तरी चालेल.